ताटलीची नऊ घरं

तिसऱ्या घराला जाताना दोन बांध ओलांडावे लागतात आणि दोन्हीकडे धसकटं लागतात. भात कापून महिना झाला की खाचरातले खुंट वाळून असे टोकदार होतात की चपलेच्या कडेनेही आत शिरतात. माझी नात बारा वर्षांची, मिशिगनमध्ये जन्मलेली. पहिल्या दिवशी तिने चांगले जाड बूट घातले. दुसऱ्या दिवशी गावच्या पोरांकडे बघून तेही काढून टाकले आणि तिसऱ्या दिवशी तळपायात धस भरली. जाऊबाईंनी तिला ओटीवर बसवलं, सुई काडीच्या जाळावर धरली आणि धस काढली. आतल्या बाजेवरून सासूबाईंनी विचारलं, "काय शोधत होती गं ती खाचरात?"

"ताटली," नात म्हणाली.

सासूबाईंना एवढं पुरलं. आमच्या घरात ताटल्या खाचरात हरवण्याची परंपराच आहे. झोडणीच्या दिवसांत शेतावर जेवणं जायची, तेव्हा दर वर्षी एखादी तिकडेच राहायची.

वाचकांना मात्र खुलासा द्यायला हवा. ही ताटली प्लॅस्टिकची, एकवीस सेंटिमीटर व्यासाची, वजनाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. खेळाचं नाव डिस्क गोल्फ. ठरलेल्या जागेवरून ताटली फेकायची, जिथे पडेल तिथे जाऊन पुन्हा फेकायची आणि कमीत कमी फेकींत मुक्काम गाठायचा. चेंडू नाही, काठी नाही, पोशाखाचा थाट नाही. मुक्कामाला एक खांब, खांबावर गोल टांगलेल्या साखळ्या आणि साखळ्यांखाली जाळीची टोपली. ताटली साखळ्यांवर आपटली की तिचा जोर मरतो आणि ती खाली टोपलीत पडते. गोल्फमध्ये ज्याला 'होल' म्हणतात त्याला आमच्या पोरांनी पहिल्या तासातच 'घर' करून टाकलं. २०२४च्या डिसेंबरात नाते गावच्या खाचरांत आम्ही अशी नऊ घरं मांडली.

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. गावाच्या नावावर जितके विनोद होऊ शकतात तितके मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षात ऐकले, म्हणून इथे एकही करत नाही. बाहेरच्यांना गाव ठाऊक असतं ते दोन कारणांनी. एक, ते गडाच्या वाटेवर आहे. दुसरं, चिंतामणराव देशमुखांचा जन्म इथला, १४ जानेवारी १८९६चा. १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते हेच, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून आले तेही हेच. १९७४ साली निघालेल्या त्यांच्या इंग्रजी आत्मचरित्राचं नाव 'द कोर्स ऑफ माय लाइफ'. आमच्या कपाटात ते पुस्तक बघून नातीने गंभीरपणे विचारलं, "यांचा पण कोर्स होता?" मी हो म्हणाले.

आमच्या खाचरांत तंबू आले ते धाकट्या दिरांमुळे. गडावर १९९६ साली रोपवे झाला, रस्त्यावर गाड्या वाढल्या, आणि शनिवारी मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना रात्र काढायला जागा हवी झाली. भाऊजींनी रस्त्यालगतच्या खाचरात निळे-केशरी बारा तंबू उभे केले. माणशी हजार रुपये, त्यात रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे आणि थंडीत पोपटी. रायगडकरांना पोपटी सांगायला नको. इतरांसाठी सांगते: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी, हवी तर कोंबडी, वर पुन्हा भांबुर्डा दाबून मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा-पातेरा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही. पाल्याचा तो उग्र वास हाताला दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो. पाहुण्यांना पोपटी आवडते, पण पोपटी होईपर्यंतचे तीन तास काय करायचं हे त्यांना कळत नाही. मग ते स्पीकर लावतात. ताटलीचा खेळ भाऊजींनी मनावर घेतला तो त्या स्पीकरला उतारा म्हणून.

मला स्वतःला हा खेळ २०२४च्याच उन्हाळ्यात मिशिगनमध्ये भेटला. मुलीच्या कुटुंबाबरोबर एका तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर गेलो होतो. तिकडचं कॅम्पिंग म्हणजे अर्धा संसार गाडीतून नेऊन झाडाखाली मांडणं. आपल्या बाया पूर्वी जत्रेला जायच्या तसंच, फक्त चूल गॅसची. कॅम्पग्राउंडच्या कडेला जंगलात डिस्क गोल्फचा कोर्स आहे असं पाटीवर लिहिलं होतं. पाटी तेवढी शाबूत होती. नकाशांची पेटी रिकामी, तिच्यात कोळ्याचं जाळं. पहिल्या फेकीच्या जागेवरचं काँक्रीट मधोमध फुटून त्यातून गवत आलेलं. चौथ्या खांबाच्या निम्म्या साखळ्या गायब आणि खांब एका अंगाला कललेला. सहाव्यानंतर सातवा कुठे हे सांगणारं काहीच नाही. आम्ही पायवाट धरून गेलो आणि एका अनोळखी कुटुंबाच्या न्याहारीत जाऊन उभे राहिलो. गवत गुडघाभर. जावई सारखे पोटऱ्या तपासायचे, कारण तिथल्या गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्या चाव्याने आजार होतो. तीन-तीन पानांची एक वेल नातीने लांबूनच दाखवली, हात लावू नकोस म्हणून. आपली खाजकुइली आणि ती मावसबहिणी.

त्या कोर्सवर भेटलेले एकमेव खेळाडू म्हणजे सत्तरीचे एक गृहस्थ. त्यांच्या पिशवीत सात ताटल्या आणि झाडं छाटायची एक मोठी कात्री. फेकत जायचे, मध्ये थांबून आडवी आलेली फांदी छाटायचे, पुन्हा फेकायचे. हा कोर्स त्यांनी आणि दोन मित्रांनी मिळून आखला होता, आणि आता त्या दोघांपैकी इथे कोणी उरलं नव्हतं. असे बहुतेक कोर्स हौशी लोकांनीच उभे केलेले असतात आणि सार्वजनिक जागेत फुकट खेळायला असतात. जगात पंधरा हजारांहून अधिक कोर्स आहेत, निम्म्याहून जास्त एकट्या अमेरिकेत. त्यांतल्या कित्येकांची निगा अशी एखाद्याच्या गुडघ्यांवर अवलंबून.

खेळाचं मूळ मला त्या गृहस्थांनी थोडं सांगितलं, बाकीचं मी नंतर वाचलं. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला फ्रिस्बी आडनावाच्या लोकांचा 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकायचा धंदा होता. तो संपला की पोरं त्याच्या पत्र्याच्या थाळ्या एकमेकांकडे फेकायची. कॅनडातल्या सस्कॅचवानमध्ये एका खेड्यातल्या शाळकरी पोरांनी १९२६च्या सुमारास पत्र्याची झाकणं नेम धरून फेकत गोल्फ सुरू केल्याची नोंद आहे. फ्रेड मॉरिसनने पुढे प्लॅस्टिकची चकती केली आणि १९५७ साली वॅम-ओ कंपनीने ती बाजारात आणली. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकने १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह बागेत पहिला कायमचा कोर्स बसवला. तिथे सुरुवातीला साखळ्या नव्हत्या, नुसते खांब होते. ताटली खांबाला लागली की नाही यावरून भांडणं व्हायची, म्हणून त्याने साखळ्या आणि टोपली शोधली; तिचं पेटंट १९७७चं. हेड्रिक २००२ साली गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही ताटल्या ओतल्या गेल्या. मी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा भाऊजी म्हणाले, "म्हणजे मेल्यावरही कोणीतरी भिरकावणारच."

तर डिसेंबरात मुलगी नातीला घेऊन आली आणि नातीच्या बॅगेत चार ताटल्या. एक लांब जाणारी, धारदार काठाची, दोन मध्यम, एक जवळून टाकायची, बोथट काठाची. धारदार काठाच्या ताटल्या १९८३पासूनच्या. त्यांनीच खेळ पालटला असं म्हणतात. आमच्यासाठी त्यांनी एवढंच केलं की गावातल्या कुणालाही ताटली सरळ फेकता येईना. उजव्या हाताने छातीशी धरून फेकली की शेवटी जोर ओसरताना ती डावीकडे झुकतेच. नातीला ते ठाऊक होतं. ती उजवीकडच्या आंब्यावर नेम धरायची आणि ताटली वळून खांबाशी जायची. पोरांना ती करणी वाटली.

घरं मांडायला एक सकाळ गेली. नवीन काही विकत आणायचं नाही असं ठरलेलं होतं. पहिलं घर विजेचा खांब. दुसरं बांधावरच्या रायवळ आंब्याचं खोड. तिसरं वरच्या खाचरातलं बुजगावणं. पाखरं त्याला केव्हाच भीत नव्हती, पण त्याच्या अंगात भाऊजींचा जुना सदरा होता आणि सदऱ्याला ताटली लागली की घर मिळालं. चौथं बंद पडलेली बोअरिंग. पाचवं शेजाऱ्यांच्या वालाच्या अलीकडचा दगड. सहावं पेंढ्याची उडवी. सातवं गांधारीच्या काठचा करंज. आठवं पुन्हा तोच आंबा, उलट्या बाजूने. आणि नववं, घरासमोरच्या खळ्यात, खरीखुरी टोपली.

त्या टोपलीचं श्रेय माझ्या पुतण्याला. त्याने मोडक्या सायकलची रिंग काढली, कळकाच्या टोकाला आडवी बसवली, खाली तळ फुटलेला हारा बांधला. साखळ्यांसाठी तो थेट गोठ्यात गेला. आमच्या गोठ्यात एके काळी दोन बैल, तीन गाई आणि एक म्हैस असायची. आता दावणीच्या मेखा आणि गंजलेल्या साखळ्या. नांगरट पॉवर टिलरने होते, दूध पिशवीतून येतं. पुतण्याने पाच साखळ्या सोडवून रिंगेला लटकवल्या. विकतच्या टोपलीत याच्या कितीतरी पट साखळ्या असतात, त्यामुळे आमच्या टोपलीतून निम्म्या ताटल्या आरपार जायच्या. पण लागली तर आवाज मात्र अस्सल.

पहिल्याच दिवशी तो आवाज झाला आणि आतून सासूबाईंची हाक आली, "कोण सुटलं गं?" त्यांना आता नीट दिसत नाही, ऐकू मात्र सगळं येतं. साखळी खळखळली म्हणजे जनावराने मान झटकली, जोरात खळखळली म्हणजे दावं तुटलं. सत्तर वर्षं त्यांनी रात्रीबेरात्री या आवाजावर उठून कंदील उचललेला. मी आत जाऊन सांगितलं, कोणी सुटलं नाही, पोरं खेळताहेत. त्या बरं म्हणाल्या. पुन्हा आवाज झाला, पुन्हा हाक. चौथ्या-पाचव्या वेळी जाऊबाई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "बांधली हो आई, बांधली."

खेळाची गोष्ट पुढे सांगायची तर खेळापेक्षा तंटेच जास्त झाले, आणि मला वाटतं तेच खरं नियमपुस्तक. मधलं मोठं खाचर क्रिकेटवाल्यांचं. भात निघालं की ते खाचर गावच्या पोरांचं होतं: धसकटं खणून काढायची, मधली बावीस पावलं पाणी मारून खळ्यासारखी चोपायची, की जानेवारीपासून टेनिस चेंडूच्या स्पर्धांना तयार. त्यांचे नियम जमिनीने घालून दिलेले. चेंडू टप्पा पडून बांधाला लागला तर दोन, उडत बांधापार गेला तर सहा, वालात गेला तर शून्य आणि मारणाऱ्यानेच आणायचा. तंबू आल्यापासून आणखी एक: तंबूला लागला तर फलंदाज बाद. आता त्यांच्या पिचवरून आमची चौथ्या घराची वाट जायची. वाटाघाटीअंती ठरलं की पिचवर ताटली पडली तर ती उचलून बाजूला ठेवायची आणि एक फेक दंड. अमेरिकन नियमांत हद्दीबाहेरच्या फेकीला जवळजवळ हाच दंड आहे हे नातीने मला हळूच सांगितलं. पोरांना तिने सांगितलं नाही. त्यांना तो आपला शोध वाटू दिला.

म्हातारी माणसं खेळ बघायला बांधावर येऊन बसायची. एकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग यात आणि विटी-दांडूत फरक काय?" फरक फारसा नाहीच. टाचेने गल खणायची, विटी कोलायची, जिथे पडेल तिथून परत गलीच्या रोखाने फेकायची, आणि अंतर दांडूने मोजत जायचं: वकट, लेंड, मूंड, नाल. हे आकडे तेलुगूतल्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगुचे भाऊ आहेत. कुठून कसे चालत आले कोण जाणे, कोकणातल्या पोरांच्या तोंडी बसले. त्या आजोबांनी पहिल्या घराचं अंतर दांडूने मोजायचा हट्ट धरला. दांडू नव्हता म्हणून काठीने मोजलं. मोजदाद साठीच्या पुढे गेली तेव्हा त्यांचा श्वास लागला आणि आम्ही साठच लिहिलं.

वालवाल्या काकूंचा राग खरा होता आणि रास्त होता. भाताच्या ओलीवर वाल येतो. त्याला पाणी नाही, खत नाही, फक्त कोणी तुडवू नये एवढीच अपेक्षा. कोवळ्या शेंगा लागलेल्या. ३१ डिसेंबरला तंबू भरले, पाहुण्यांनी ताटल्या मागून घेतल्या, आणि मोबाइलच्या उजेडात पाचव्या घराचा खेळ वालात शिरला. सकाळी काकू आमच्या ओटीवर. एक केशरी ताटली त्यांच्या वेलांत होती, ती त्यांनी आपटून ठेवली. दुसरी, धारदार काठाची, कोणी कुठे फेकली ते कळलंच नाही. भाऊजींनी वालाचे पैसे दिले. पाचवं घर रद्द झालं. नऊची आठ घरं झाली तरी पोरं शेवटपर्यंत नववंच घर म्हणत राहिली.

मिशिगनचा तो कोर्स बघून आल्यापासून माझ्या डोक्यात होतं की आपणही तसाच एक मोडकातोडका कोर्स मांडतो आहोत. तसं ते नव्हतं. तिकडची जमीन खेळाला दिलेली होती आणि खेळाने पाठ फिरवल्यावर तिला कोणी वाली उरला नव्हता. गवत वाढलं ते म्हणून. आमच्या खाचरांत पायाला टोचणारी एकेक गोष्ट कुणाच्या तरी कामाची होती. बांध उंच का, तर पावसाळ्यात त्याने पाणी धरायचं असतं. एका कोपऱ्यात पालापाचोळा आणि शेणाचे ढीग का, तर तिथे फाल्गुन-चैत्रात राब भाजायचा असतो. उडवी वाटेत का, तर ती तिथे दहा पिढ्या रचतात. नातीने घराच्या अंगणातून बघून विचारलं होतं, "आजी, इथलं मेंटेनन्स कोण करतं?" मी बोट दाखवून एकेकाचं नाव सांगत गेले, आणि निम्म्या खाचरांपाशी मला थांबावं लागलं. ती माणसं मुंबईला होती.

म्हणूनच भाऊजी एका रात्री म्हणाले तेव्हा मला हसता आलं नाही. "वहिनी, वरची दोन खाचरं यंदा लावतच नाही. मजूर मिळत नाही. बियाणं, टिलर, लावणी, कापणी धरली तर हातात काय राहतं? त्यापेक्षा तुमचा कोर्सच पक्का करू. चांगल्या टोपल्या मागवू." हिशोब त्यांचा चुकीचा नव्हता. त्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २३०० रुपये होता. दोन तंबूंत चार माणसं एक रात्र राहिली की त्याहून जास्त. म्हणजे आमच्या आठ घरांना कायमचं बस्तान हवं असेल तर खाचर पडीक पडायला हवं. मी गणिताची शिक्षिका होते, बेरीज मला कळत होती. तरी मी म्हणाले, घाई करू नका. का म्हणाले ते त्यांनी विचारलं नाही आणि मलाही नीट सांगता आलं नसतं.

नात जानेवारीत परत गेली. त्यानंतर कोर्स ज्या क्रमाने संपला तो सांगण्यासारखा आहे. आधी सहावं घर गेलं, कारण उडवीचा पेंढा दूधवाल्याने विकत नेला. मग क्रिकेटच्या स्पर्धेचा मांडव चौथ्या घरावर आला. बुजगावण्याचा सदरा कोणीतरी काढून नेला. फेब्रुवारीत आंब्याला मोहर आला आणि भाऊजींनीच खोडावर ताटली मारायला बंदी केली. राहिले विजेचा खांब, करंज आणि टोपली. तिघांत खेळायला तंबूतले पाहुणे तयार असायचे, पण एकदा एकाची ताटली करंजापलीकडे गांधारीच्या डोहात गेली आणि दोन ताटल्यांवर कोणाचंच मन लागेना.

पाऊस २०२५ साली मे महिन्यातच आला. मुंबईत २६ मेलाच मोसमी पाऊस पोचल्याचं जाहीर झालं. इतका लवकर तो कधी आल्याची नोंद नाही. राब भाजून ठेवलेल्यांची धूळवाफेवरची पेरणी चिखलात गेली, मग बी भिजवून, मोड आणून रहू टाकला. भाऊजींनी वरच्या दोनपैकी एक खाचर लावलं, एक पडीक ठेवलं. ११ जुलैला रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेल्याची बातमी आली तेव्हा त्यांचा फोन आला. आवाजावरून ते तंबू मोजत आहेत हे कळत होतं.

गणपतीला गेले तेव्हा भात गुडघ्याच्या वर आलं होतं. कुठे पहिलं घर आणि कुठे तिसरं, खांब सोडला तर काही ओळखू येत नव्हतं. टोपली खळ्यातच होती. पावसाने साखळ्या लालभडक गंजल्या होत्या आणि फुटक्या हाऱ्यात कारल्याचा वेल चढला होता. लावलेल्या खाचराच्या कडेला लावणीला येणाऱ्या बाईंचं घर आहे. त्यांच्याकडे पाणी मागितलं. त्यांनी ओसरीवरच्या हंड्यावरचं झाकण उचललं, तर ते धारदार काठाचं, निळं, एकवीस सेंटिमीटरचं.

"चिखलणीत टिलरखाली आलं," त्या म्हणाल्या. "फुटलं नाय. तुमचं हाय का? न्या की मग, आमास दुसरं झाकण मिळंल."

काठावर टिलरच्या पात्याचा एक ओरखडा होता. हंड्याच्या तोंडाला मात्र ते अगदी बेतून केल्यासारखं बसत होतं. मी पाणी प्याले आणि झाकण परत ठेवलं.